बोवलेकर आरवले

"लेबलं काढ," बोवलेकर मालक म्हणाले.

मी डब्यांकडे बघितलं, मग मालकांकडे. पत्र्याची शेड दुपारच्या उन्हात नुसती भट्टी झाली होती. काजूगराचे चौकोनी डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर आमच्या फॅक्टरीचं लेबल आणि लेबलावर ठसठशीत अक्षरांत वेंगुर्ले. शेजारी कोमट पाण्याची बालदी आणि फडकं. तयारीच्या बाबतीत माणूस पक्का.

"काढून काय लावू?"

"काही नको. कोरेच राहू देत. उद्या उद्घाटनाला या देशाचा पहिला माल म्हणून हेच मांडायचे."

म्हणजे गर वेंगुर्ल्याचा, फोडला वेंगुर्ल्याच्या बायकांनी, आणि बारसं आफ्रिकेत. मी म्हटलं, "मालक, ह्या काय बरा नाय."

"तुका काय कळता? गप ऱ्हव," ते म्हणाले आणि रुमालाने मान पुसत पंख्यासमोर जाऊन उभे राहिले. वीज नव्हती. पंखा बंद होता, तरी त्याच्यासमोरच उभे.

ही गिनी-बिसाऊची गोष्ट. नाव ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. पश्चिम आफ्रिकेत, समुद्राला लागून, आपल्या कोकणाएवढाच देश. मी गेले तेव्हा तिथली आपसातली लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. संपली म्हणायची इतकंच. पूल पडले ते पडलेलेच, शाळेला छप्पर नाही, खारबंधारे फुटून भातशेतात खारं पाणी. देश उभा होता तो एका झाडावर, काजूच्या. मीठ, तांदूळ, पोराची पाटी, म्हातारीचं औषध, सगळं काजूच्या बीतून निघायचं. आणि बी फोडायची सोय गावात नाही, म्हणून ती गोणीत बसून बोटीने आपल्याकडे यायची. फोडणार आपण, गर विकणार आपण, ढेकर देणार आमचे बोवलेकर.

हे बदलावं म्हणून युरोपातल्या कुठल्याशा संस्थेने मदत दिली. गावातच फॅक्टरी काढा, बायकांना काम द्या, आणि जो व्यापारी फॅक्टरी काढेल त्याला थोडी कच्ची बी बाहेर न्यायचाही परवाना मिळेल. श्रीरंग बोवलेकरांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. हे आमच्या आप्पा बोवलेकरांचे धाकटे चिरंजीव. आप्पांनी हयातभर खपून फॅक्टरी काढली, यांनी सूट शिवला.

मी इंदुमती गवंडे, त्या फॅक्टरीतली मुकादम. नवरा लवकर गेला, लेक लग्न होऊन पनवेलला, मागे रडणारं कुणी नाही, म्हणून तीन महिने आधी मला तिथे धाडलं, बायकांना काजू फोडायला शिकवायला. बरोबर कटर, टेबलं आणि 'मशीनचे सुटे भाग' असं लिहिलेले खोके. ते सुटे भाग म्हणजे हे डबे, हे मला त्या दुपारी कळलं. भाषेची अडचण फारशी आली नाही. त्यांची बोली अर्धी पोर्तुगीज. काजूला ते काजूच म्हणतात, चावीला चाबी, साबणाला साबोन. बाकीचं मी ओरडून सांगायचे.

आणि ओरडायला कारणं होती. पहिल्या महिन्यात मला त्या बायकांचा असा वैताग आला की विचारू नका. कटरवर बसायचं ते पाय पसरून, गप्पा छाटत. हाताला राख चोळा म्हटलं, नाहीतर चिकाने कातडं सोलेल, तर राख एकमेकींच्या तोंडाला फासणार. अख्खा गर निघायचा तो नशिबाने, बाकी सगळी कणी. आणि जरा फुरसत मिळाली की पाण्याने भरलेल्या टबात भोपळ्याचं अर्धं कवच उपडं घालायचं, त्यावर थापा मारायच्या आणि गोल करून गाणी म्हणायची. काय म्हणतात म्हणून मी कधी कान दिला नाही. म्हटलं, एवढी लढाई झाली तरी यांना अक्कल आली नाही. माझी जीभ पहिल्यापासून अशीच आहे, वेंगुर्ल्यात कुणालाही विचारा.

त्यांची म्होरकी दुमिंगश. माझ्याच वयाची, एका पायाने लंगडी. लढाईत नवरा गेला आणि पाय अधू झाला, त्यानंतर हिने गावातल्या बायकांचा संघ बांधला. मला 'माना' म्हणायची, म्हणजे बहीण. त्या हंगामाची गावातली सगळी बी बायकांनी तिच्या शब्दावर आमच्या शेडमध्ये आणून टाकली होती. लगेच विकली असती तर पावसाळ्यापुरता तांदूळ घरात आला असता. पण दुमिंगश म्हणाली, थांबा, फॅक्टरी सुरू झाली की फोडायची मजुरीही आपली आणि गरातला वाटाही आपला. बायका थांबल्या. घरातला तांदूळ तळाला गेला, चूल एक वेळच पेटायला लागली, तरी थांबल्या.

थांबायचं होतं बॉयलरसाठी. बी वाफवल्याशिवाय धड फुटत नाही. शिकवण्यापुरती मी चुलीवर पातेल्यात वाफवून घ्यायची, पण त्याने काय फॅक्टरी चालते? मालकांना फोन केला की म्हणायचे, बॉयलर बोटीत आहे. तीन महिने बॉयलर बोटीत. एवढ्यात माणूस पोहत आला असता.

तर त्या दुपारी लेबलं भिजवता भिजवता मी पुन्हा विचारलं, बॉयलरचं काय.

मालक हसले. म्हणाले, बॉयलर कुठला घेऊन बसलीस. उद्या भाषण, फोटो, परवान्यावर शिक्का. परवा सकाळी ट्रक येतील आणि ही सगळी बी बंदरावर जाईल, बोट लागलेली आहे. तूही माझ्याबरोबर चल, लेकीला भेट.

"आणि बायकांचं?"

"बघू नंतर. पाठवू काहीतरी त्यांच्या संघाला." त्यांनी घड्याळात बघितलं. "अगो, या लोकांना सवय आहे."

हे वाक्य मी आजही विसरले नाही. स्वतःच्या बंगल्यातली वीज तासभर गेली तर वायरमनच्या सात पिढ्या उद्धारणारा माणूस हा, आणि याला दुसऱ्यांच्या सवयी माहीत.

मी लेबलं काढली. माझा पासपोर्ट त्यांनी आल्या आल्या मागून घेतला होता, तो त्यांच्या बॅगेत होता. डबे पुसून लख्ख केले, आणि उन्हं उतरल्यावर सरळ दुमिंगशच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. कुणी म्हणेल, मालकाचं मीठ खाल्लंस आणि उलटलीस. वीस वर्षं मी त्यांचं मीठ खाल्लं, तशी त्यांनीही वीस वर्षं माझ्या हाताची कमाई खाल्ली. फिटंफाट.

मला वाटलं, आता ही छाती बडवून घेईल. गावाला शब्द दिला होता हिने. बी गेली तर बायका हिला जिवंत सोडणार नाहीत, आणि सोडलं तरी पावसात खाणार काय? तिने डबे कुठून आले, ट्रक कधी येणार, एवढंच दोनदा विचारून घेतलं. मी म्हटलं, उद्या भर मांडवात बोंब मारा, दाराशी आडव्या पडा, त्याच्या सुटावर शेण टाका.

"आरडाओरडा केला की शिपाई येतात, माना," ती म्हणाली. "शेडचा कागद त्याच्या नावावर आहे. शिपाई आले की काय होतं ते आम्ही एकदा बघितलंय. उद्या आमचं गाणं ठरलंय ना? आम्ही गाऊ."

मी कपाळावर हात मारून घेतला. घर जळतंय आणि ह्या भजन म्हणणार. मेलीच्या तोंडावर तसं म्हटलंही. ती हसली आणि कुठल्याशा बाईला हाक मारत लंगडत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ताडाच्या झावळ्यांचा मांडव घातला. गाव झाडून जमलं. पुढच्या खुर्च्यांवर युरोपातले दोन पाहुणे आणि मध्ये मेंदिश साहेब. हे त्या भागाचे सरकारी अंमलदार, आपल्याकडचे तहसीलदार समजा. जन्मले वाढले त्याच मुलखात, इस्त्रीचा शर्ट, अंगात ताठा. बोवलेकरांनी गळ्यात हार घातला होता. हार त्यांनी वेंगुर्ल्याहून स्वतःच आणला होता, प्लास्टिकचा, म्हणजे सुकायला नको.

भाषण अर्धा तास चाललं. मी शेजारी उभी राहून गावाच्या बोलीत सांगत होते. लढाईने मोडलेल्या देशाला स्वतःच्या पायावर उभं करणं हे माझं स्वप्न आहे. आजपासून इथला काजू इथेच फुटेल. हे डबे बघा, हे तुमच्या भगिनींच्या हातचे. भगिनी समोर बसल्या होत्या, डब्यांकडे बघत. एकीच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि परवान्याचा कागद मेंदिश साहेबांच्या पुढ्यात गेला.

सहीच्या आधी गाणं होतं. बायकांनी टब मध्ये आणला, भोपळा उपडा घातला, गोल केला. दुमिंगशने पहिली थाप मारली आणि आवाज लावला. त्या दिवशी मी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. आपल्या भाषेत सांगायचं तर असं काहीसं:

कोंबडा गेला परक्या अंगणी,
अंडी आणली पंखाखाली,
घरट्यात ठेवून कुडावर चढला,
बघा गं म्हणतो, मीच घातली.

आणि सगळ्या बायका एका आवाजात:

कोंबड्या, कोंबड्या, दाणे आमचे,
टोपली आमची उचलू नको.

मला हसू फुटलं ते मी पदर तोंडात कोंबून आवरलं. मेंदिश साहेबांकडे बघितलं तर माणसाचा दगड झालेला. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर, श्वास चालू आहे की नाही कळू नये. मागच्या रांगांतले पुरुषही तसेच. एवढा थापांचा जोर, एवढा ठेका, आणि एकाही पुरुषाचा पाय हलेना. मला नवल वाटलं.

हलत होते ते एकटे बोवलेकर. मान डोलवत, चुटक्या वाजवत. मग माझ्याकडे वाकले.

"काय म्हणतायत गो?"

"कोंबड्याचं गाणं आहे, मालक."

"कुणावर? माझ्यावर?"

"तुमच्यावरच."

त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "कोंबडा म्हणजे काय, कळलं ना तुला? पहाटे जगाला जागं करतो तो. मी यांना जागं केलं!"

मी म्हटलं, असेल. हरभऱ्याच्या झाडावर चढलं की असं होतं. ते उठले, कोटाचं बटण काढलं आणि थेट बायकांच्या रिंगणात उतरले. कमरेवर हात, कोपरं पंखांसारखी हलवत, मानेला झटके देत नाचायला लागले. बायकांनी वाट करून दिली, थापा वाढवल्या. मालकांना चेव आला. भाषणाचा माइक ओढून घेतला, मान वर केली आणि आरवले. कुकूऽऽच कूऽऽ. चांगला लांब सूर काढून.

थापा थांबल्या. आणि मग गाव फुटलं. म्हाताऱ्या जमिनीवर लोळल्या, पुरुष एकमेकांच्या खांद्यावर पडले, पोरं आरवत सुटली. मेंदिश साहेबांनी रुमाल काढून तोंडावर धरला, त्यांचे खांदे गदगदत होते. दुमिंगश पुढे आली, मालकांचा हात धरला, त्यांना रिंगणातून एक फेरी फिरवली आणि त्यांच्यासमोर खाली वाकली. मालकांच्या डोळ्यांत पाणी. मला म्हणाले, बघितलंस, हे प्रेम विकत मिळत नाही.

या गडबडीत परवान्यावर सही राहिलीच. मेंदिश साहेब म्हणाले, उद्या बघू, आणि मोटरसायकलला किक मारून गेले.

सकाळी ट्रक आले. शेडचं दार उघडलं तर आत गोण्यांवर बायका बसलेल्या. एकेका गोणीवर एकेक, कुणी केस विंचरतेय, कुणी शेंगा सोलतेय. बोलणं नाही, भांडण नाही. मालक आधी हसले, मग ओरडले, मग हमालांना पुढे व्हा म्हणाले. हमाल त्याच मुलखातले, ते जागचे हलेनात. एकाने हळूच कोंबड्यासारखी मान झटकली आणि बाकीचे खिंकाळले. मालकांनी मेंदिश साहेबांना बोलावणं धाडलं, पोलिस घेऊन या म्हणून. साहेब एकटेच आले.

"बी माझी आहे," बोवलेकर म्हणाले. मी एकेक वाक्य इकडून तिकडे करत होते. "शेड माझी, कागद माझा. या बायकांना उठवा."

मेंदिश साहेबांनी गोण्यांवरच्या बायकांकडे बघून टोपी काढली. त्यात त्यांची सख्खी मावशी होती, हे मला नंतर कळलं.

"आमच्याकडे गाण्यात नाव घेत नाहीत," ते सावकाश म्हणाले. "घेतलं तर भांडण होतं, आणि भांडणं आम्ही पुष्कळ केली. गाणं नुसतं म्हणायचं. ज्याला लागेल त्याने गप बसायचं आणि घरी जाऊन सुधारायचं. जो उठला, त्याने गाणं अंगावर घेतलं. मग गाण्यात जे मागितलंय ते त्याला द्यावं लागतं. काल मी का हललो नाही? हा मांडव घालायचा हुकूम माझा होता. हललो असतो तर माझ्यावरही आलं असतं."

"मला काय ठाऊक? मी नाचलो फक्त!"

"तुम्ही आरवलात," साहेब म्हणाले. "सगळ्या गावासमोर. पाहुण्यांनी ते कॅमेऱ्यात घेतलंय. काल त्यांनी मला गाण्याचा अर्थ विचारला, मी सांगितला. आज ते डबे घेऊन राजधानीला गेले, कुठले आहेत ते तपासायला."

"हा कुठला कायदा?"

"कायद्याची पुस्तकं लढाईत जळली, अजून छापून आली नाहीत. तोवर हाच आहे."

एवढं सांगून त्यांनी टोपी घातली. ट्रकवाल्यांना हातानेच परत फिरा म्हटलं, आणि ट्रक खडखडत रिकामे गेले. बोवलेकर धुरळ्यात उभे. कालचा हार अजून गाडीच्या आरशाला लटकत होता. मग ते माझ्याकडे वळले. एवढ्या वर्षांत मी त्यांचं तोंड असं उतरलेलं कधी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगते, बघून बरं वाटलं.

"तुका ठाऊक होता?"

"त्यांची रीत ठाऊक नव्हती. गाणं कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. कोंबड्याचं आहे, तुमच्यावर आहे. दोन्ही सांगितलं."

ते काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, आप्पांच्या नावाला बट्टा नको. शेवटी पासपोर्ट माझ्या पायाशी फेकला आणि गाडीत बसले. म्हणाले, आता इथेच मर. मला आणखी एका गोष्टीचं हसू येतं. वेंगुर्ल्यात परत जाऊन या गृहस्थाने त्या नाचाचा फोटो केबिनमध्ये टांगला. आफ्रिकेत जनतेने केलेला सत्कार. येईल त्याला दाखवायचे.

फॅक्टरी मग झाली का, देश वर आला का, असं लोक मला विचारतात. फॅक्टरी कसली? बायकांनी थोडी बी तांदळासाठी दुसऱ्या व्यापाऱ्याला घातली, पावसाआधी घराघरांत पोतं पडलं. उरलेली आम्ही फोडायला घेतली. लष्कराची तेलाची पिंपं पडलेली होती रस्त्याकडेला, ती घासून घेतली, तळाशी पाणी, वर जाळी, खाली लाकडं. पातेल्यापेक्षा बरं. तिकिटाचे पैसे लेकीने पाठवेपर्यंत मी तिथेच राहिले आणि शिकवलं. पहिला गर बाजारात कागदाच्या पुडीतून विकला. युरोपातल्या पाहुण्यांनी बघितला असता तर रडले असते. पण डब्यावर लेबल कुणाचं लावायचं हा प्रश्न नव्हता.

पहिल्याच दिवशी पिंपाची वाफ जास्त झाली आणि निम्मा घाणा बिघडला. मी सकाळपासून तोंड सोडलं होतं. लाकूड कमी घाला, झाकण धड लावा, हात आहेत की फावडी, तुमच्यापेक्षा आमच्या गावची माकडं बरी फोडतील. दुपारी जेवणं झाली. काजूच्या बोंडूची दारू फिरली. कुणीतरी टब आणला, भोपळा उपडा घातला. दुमिंगशने थाप मारली आणि माझ्याकडे न बघता सूर लावला.

समुद्रापलीकडची एक कोंबडी आहे, म्हणे. उजाडल्यापासून कलकल करते. नीट बसा, नीट धरा, नीट चोचा मारा. शेजारणींना अक्कल नाही म्हणते, आणि दाणे मात्र शेजारणींच्याच अंगणात टिपते. कोंबडे, कोंबडे, घसा दुखेल, पाणी पी.

बायका डोलत होत्या. माझ्या कानांतून वाफ निघायला लागली. कोंबडी कोण, ते सांगायला मला दुभाषा नको होता. जिभेवर अशी उत्तरं आली होती की तो भोपळा फुटला असता. शेजारची एक पोरगी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होती, आता उठते की मग उठते म्हणून.

मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर बघत राहिले. मी काय बोवलेकर आहे उठायला?